पुन्हा बहर

मला किळस सहजासहजी येत नाही. माझं कामच तसं आहे. मी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे घेऊन आमच्या लॅबमध्ये पाठवतात. त्या गुलाबी लगद्यात कधी जेवणाचा कण अडकलेला असतो, कधी वाळलेली लाळ असते, एकदा तर मिशीचा केस निघाला होता. मी ते ठसे धुते, त्यात प्लास्टर ओतते, साच्यावर मेणाची हिरडी चढवते, एकेक दात बसवते आणि दुपारी त्याच टेबलाच्या कोपऱ्यावर डबा उघडून जेवते. आमची मालकीण म्हणते, तुझं पोट लोखंडाचं आहे. तेव्हा गेल्या वर्षी मला माझ्याच घरात, माझ्याच माणसांची शिसारी आली असं जर मी म्हटलं, तर एखाद्या नाजूक बाईनं नाक मुरडलं असं समजू नका.

सुरुवात घामानं झाली. पाळी आधी लांबायला लागली, मग चुकायला लागली, मग गेली ती गेलीच. मला काही दुःख झालं नाही. इतकी वर्षं छळलं तिनं, सुंठीवाचून खोकला गेला म्हणायचं. पण ती जाताना मागे आग ठेवून गेली. लॅबमध्ये बर्नरवर मेणकामाची सुरी तापवत बसलेली असताना छातीतून एकदम वाफ उठायची, कान लाल, चष्म्यावर धुकं, आणि पाठीवरून घामाची धार. समोर कुणाचे तरी वरचे पुढचे दात अर्धे लावलेले. त्यातला एक वाकडा बसला तर तो माणूस आयुष्यभर वाकडा हसणार. मालकिणीनं न बोलता माझं टेबल खिडकीशी सरकवलं. तीही यातून गेलेली, तिला सांगावं लागलं नाही.

लॅबच्या मागच्या गल्लीत एक वैद्यबाई बसतात. खूप म्हाताऱ्या, पण नजर सुईत दोरा ओवणारी. मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नाडी पाहिली, झोप विचारली, पोट विचारलं, घरात कोण कोण आहे ते विचारलं, आणि 'नवरा, आणि येता-जाता नणंद' हे शेवटचं उत्तर ऐकून थोडं हसल्या. "हा आजार नाही, हे वय आहे. पण त्रास खरा आहे, तो सोसत बसायचं कारण नाही," म्हणाल्या. दुधातून शतावरी दिली. तिखट, आंबट कमी, चहा अर्धा, रात्रीचं जेवण लवकर, आणि झोपताना तळपायाला तूप चोळायचं. एवढंच. मी चपला घालत असताना त्यांनी मागून हाक मारली. "आणि हे बघ. एकदा वर्षभर बंद झाल्यावर पुन्हा कधी लाल दिसलं, तर माझ्याकडे यायचं नाही. सरळ दवाखान्यात जायचं. ते माझ्या कपाटातलं काम नाही." मी हो म्हटलं. अशा वेळी सगळेच हो म्हणतात.

त्यांच्या औषधानं मला झोप लागायला लागली. आग पुरती गेली नाही, पण तिची धग उतरली. एवढ्यावर मी सुखी होते. पण आमच्या घरात कुणी एवढ्यावर सुखी राहिलं तर बाकीच्यांना करमत नाही.

एके दिवशी जेवता जेवता मला आगीचा लोट आला. मी उठले, फ्रीज उघडला आणि डोकं आत घालून उभी राहिले. नवरा घास हातात धरून बघत राहिला. आमच्याकडे पोटातलं ओठावर यायला वेळ लागत नाही, आणि नवऱ्याच्या ओठावरचं त्याच्या बहिणीच्या कानात जायला तर मुळीच नाही. दुसऱ्या दिवशी बेबी दारात हजर.

बेबी म्हणजे माझी नणंद. स्वतः पन्नाशीला टेकली, तरी घरात बेबीच. ती वाईट नाही, हेच तर दुखणं. वाईट असती तर दारातूनच वाटेला लावली असती. माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझ्या उशाशी तीच बसली होती. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा त्यांचं सगळं तिनं केलं. तिचं प्रेम खरं आहे, फक्त त्याला दार नाही. ते खिडकीतून, कौलातून, मिळेल तिथून आत शिरतं. हल्ली तिनं एक कसलासा आयुर्वेदाचा वर्ग केला होता, शनिवार-रविवारचा. त्यानंतर ती घरच्या घरी एक लेह्य, म्हणजे चाटायचं औषध, करायला लागली आणि फोनवर बायकांचा ग्रुप काढला. लेह्याचं नाव 'पुन्हा बहर', ग्रुपचं नावही तेच.

"वैद्यबाईंचं औषध मवाळ आहे गं वहिनी," ती म्हणाली. "म्हाताऱ्या झाल्या त्या. शरीर सुकत चाललंय तुझं. मुळाला पाणी घालायला हवं."

"मी काय कुंडी आहे?" मी म्हटलं.

"बघ, हे रागाचं बोलणंसुद्धा त्यातलंच. वाढलेलं पित्त." आणि तिनं बरणी उघडली.

आता वासाबद्दल सांगते. आमच्या लॅबमध्ये कवळीचं गुलाबी प्लास्टिक घोळायला एक पातळ द्रव असतो, त्याची बाटली उघडली की नवीन माणूस बाहेर पळतो. मी तो वीस वर्षं हुंगतेय. पण त्या बरणीतून जे वर आलं, त्यानं माझ्या लोखंडी पोटात पहिल्यांदा ढवळलं. जुनं तूप, करपलेला गूळ, आणि त्यांच्याखाली काहीतरी ओलं, कोंदट, बंद खोलीतल्या गादीसारखं. रंग काळपट तपकिरी. चमचा आत घातला की ते चमच्याला सोडायचं नाही आणि जिभेवर ठेवलं की टाळ्याला. दिवसभर बोलताना ते दातांमागून परत परत चवीला यायचं.

"गिळ, गिळ," बेबी म्हणायची. "चव घ्यायची नाही, श्रद्धेनं गिळायचं." मी गिळलं. उशाशी बसलेल्या माणसाला कसं नाही म्हणणार.

पण लेह्य परवडलं. खरी किळस पुढे होती. बेबीनं माझ्या नवऱ्याला कामाला लावलं. रोज सकाळी तो चष्मा कपाळावर चढवून समोर उभा राहायचा. "जीभ दाखव." मी जीभ दाखवायची. "पांढरी आहे." मग फोनवर, "बेबी, पांढरी आहे." मग मला, "पोट साफ झालं का? कसं झालं? सैल की घट्ट?" लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसानं कधी मला काय आवडतं ते विचारलं नाही, आणि आता माझ्या शौचाची चौकशी नाश्त्याच्या टेबलावर, दाढीला लागलेला लोण्याचा ठिपका तसाच ठेवून. मला त्या ठिपक्याकडे बघवत नव्हतं.

आणि ग्रुप. त्या ग्रुपवर बेबीनं मलाही घातलं होतं, पण तिथं मला नाव नव्हतं, मी 'आमची वहिनी' होते. बेबी गोड आवाजात संदेश टाकायची. आमची वहिनी आता शांत झोपते. आमच्या वहिनीची चिडचिड कमी आहे. शांत झोप वैद्यबाईंची होती, पण श्रेय बरणीला. एकदा मी कपडे वाळत घालत होते आणि खोलीतून तिचा आवाज ऐकू आला. नवरा माझा फोन मोठा करून ऐकत होता. "मैत्रिणींनो, आमच्या वहिनीला कोरडेपणाचा फार त्रास होता, नवरा-बायकोच्या नात्यात अडचण यायची, पण आता…" माझ्या हातातला ओला टॉवेल तसाच राहिला. ती गोष्ट मी त्याला सांगितली होती. अंधारात, तोंड भिंतीकडे करून, एकदाच. त्यानं ती बहिणीला दिली आणि बहिणीनं साऱ्या गावाला वाटली.

मी आत जाऊन म्हटलं, "अहो, हे तुम्ही सांगितलंत?"

"उपचारासाठी सांगावं लागतं," तो म्हणाला. "डॉक्टरपासून आणि वकिलापासून काही लपवू नये."

"बेबी डॉक्टर कधी झाली?"

"तू पण ना, अगदी…" म्हणत त्यानं पुढचा संदेश लावला. खालच्या मजल्यावरचे काका जिन्यात भेटले की सहानुभूतीनं मान हलवायचे, कारण त्यांची बायको ग्रुपवर होती. मला त्या जिन्याची किळस यायला लागली, काकांच्या मानेची, फोनच्या टिंग आवाजाची. पण आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी वैतागायचे, आणि मग चमचा तोंडात घालायचे.

मग एका सकाळी मला लाल दिसलं.

पाळी जाऊन वर्ष कधीच उलटलं होतं. बाथरूममध्ये मी बराच वेळ तशीच बसून राहिले. आणि जे खरं ते सांगते. भीती नंतर वाटली. आधी, अगदी क्षणभर, मला आनंद झाला. जिच्या जाण्यावर मी खोकला गेला म्हणून हसले होते, ती परत आली म्हणून आतून काहीतरी उसळलं. म्हणजे मी अजून संपले नाही. म्हणजे त्या घाणेरड्या चिकट लेह्यात काहीतरी आहे. आजवर ज्या ज्या गोष्टींची किळस आली, त्या सगळ्यांत या आनंदाची जास्त आली.

नवऱ्याला सांगायलाच नको होतं. पण पॅड घरात नव्हते, मुली केव्हाच लग्न होऊन गेल्या, आणि मला लगेच बाहेर जाववेना. मी दाराच्या फटीतून सांगितलं. तो पलीकडून म्हणाला, "खरंच?" त्या 'खरंच'मध्ये इतका आनंद होता की मी दार लावून घेतलं. तो दुकानात जाऊन आला. मी बाहेर आले तर त्यानं पलंगावर नवी चादर घातली होती, ठेवणीतली. उशांना टापटीप करत तो गुणगुणत होता. ज्या माणसानं आजवर चादरीचं एक टोक धरलं नाही, तो माझ्या रक्ताच्या बातमीवर चादर बदलून गुणगुणत होता. त्यानं माझ्याकडे लाजून पाहिलं. हो, लाजून! मला वाटलं, मी आता इथंच ओकणार.

"कुणाला सांगू नका," मी म्हटलं.

"छे छे," तो म्हणाला.

मी लॅबमध्ये पोचेपर्यंत माझा फोन टिंग टिंग करून दमला होता. "मैत्रिणींनो, आनंदाची बातमी! आमच्या वहिनीला वर्षानंतर पुन्हा बहर आला!" खाली अभिनंदनाची रांग. फुलं, टाळ्या, हात जोडलेले. कुणीतरी विचारलं, मलाही बरणी मिळेल का. कुणीतरी लिहिलं, धन्य ती वहिनी. खालच्या काकूंनी तर लिहिलं, तरीच आज चेहऱ्यावर तेज होतं. मी सकाळपासून त्यांच्यासमोर आलेही नव्हते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

मी फोन खणात टाकला आणि ठसे धुवायला घेतले.

रक्त थांबत नव्हतं. जोरात नव्हतं, पण पाझरत होतं, पाळीसारखं येऊन ओसरतही नव्हतं. बेबी म्हणाली, साचलेलं बाहेर पडतंय, चांगलं आहे, चमचा वाढव. येत्या रविवारी तिनं ग्रुपमधल्या बायकांचं संमेलन ठेवलं होतं, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. तिथं मी व्यासपीठावर येऊन माझा अनुभव सांगायचा होता. "दोनच वाक्यं बोल वहिनी. तुझ्याकडे बघूनच त्यांना धीर येईल."

त्याच आठवड्यात लॅबमध्ये एक कवळी परत आली. खालची कवळी, एका आजोबांची, माझ्याच हातची. परत आली की माझ्या काळजाला लागतं. मी म्हटलं, टोचतेय का, घासून देते. मालकीण फोनवर दातांच्या डॉक्टरांशी बोलत होती. तिनं मला हातानं थांब म्हटलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "राहू दे. कवळीत काही चूक नाही. आजोबांच्या हिरडीतून रक्त येत होतं, त्यांनी लक्ष दिलं नाही. घरचे म्हणे थट्टा करत होते की आजोबांना नवा दात फुटतोय. सूनबाईंनी तर नातवंडांना तोंड उघडून दाखवलं. आता डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवलाय. लक्षण बरं नाही, म्हणतायत."

"नवा दात," मी म्हटलं.

"हो ना. या वयात! बोळक्या तोंडात रक्त आलं म्हणजे दात येतोय, असं कुणाला वाटतं तरी कसं."

कवळी माझ्या हातात होती. गुलाबी, चकचकीत, आतल्या बाजूला एक फिकट तपकिरी डाग. मी तो अंगठ्यानं पुसला, तो गेला नाही. आणि मला मागच्या गल्लीतून, पाठीमागून, वैद्यबाईंची हाक ऐकू आली. सरळ दवाखान्यात जायचं. मी किती सहज हो म्हटलं होतं. त्यानंतर मी किती चमचे गिळले होते. मला घाम फुटला, आणि तो पाळी जाण्याचा नव्हता.

मी तिथूनच सरकारी दवाखान्यात फोन केला. सोमवारी सकाळी या म्हणाले. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ की. पण बेबीचा कार्यक्रम होऊ दे आधी. तिनं एवढं मांडलंय, उगाच अपशकुन नको."

"मला कॅन्सर असला तर?"

"शुभ बोल गं," तो म्हणाला, आणि खोलीतून निघून गेला. तो घाबरला होता हे मला कळलं. पण भीतीनं पाठ फिरवणाऱ्या माणसाची दया यायला मन मोठं लागतं, आणि माझं मन त्या आठवड्यात बरणीच्या झाकणाएवढं होतं.

रविवारी मी हॉलमध्ये गेले ते गप्प राहायचं ठरवूनच. दोन वाक्यं नाही, एकही नाही. हात जोडायचे आणि खाली बसायचं. बेबीचं तोंड राखायचं, सोमवारी आपलं आपण बघायचं. हॉलच्या मागे पाण्याचं पिंप होतं, तिथं मी पेला भरत होते. एक उंच बाई आली, केस आखूड कापलेले, आवाज मोठा. पोस्टात खिडकीवर बसायच्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या. काचेआडून ओरडून ओरडून आवाज तसाच राहिलाय, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

"तुम्हीच ना वहिनी?" त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "मला तुमचे आभार मानायचे होते. मलाही परत आली."

"काय परत आली?"

"पाळी! माझी तर जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मुलगा म्हणत होता, आई, दवाखान्यात चल. त्याला म्हटलं, तुला काय कळतंय, बेबीताईंच्या वहिनींनासुद्धा आलीय. तुमच्यामुळे मी भीती टाकून दिली बघा." आणि त्या हसल्या. त्यांचे खालचे दात खोटे होते, चांगल्या हातचे. चेहरा पिवळट होता. त्यांनी तो पावडरनं झाकला होता.

मी पेला खाली ठेवला. मघापर्यंत मला बेबीची किळस होती, नवऱ्याची होती, ग्रुपची होती. आता मला 'आमची वहिनी' नावाच्या त्या बाईची आली, जी मी कधी नव्हते आणि जिच्यावर विश्वास ठेवून ही बाई रक्त वाहू देत होती.

बेबीनं माझं नाव पुकारलं. टाळ्या. नवरा पहिल्या रांगेत, फोन वर धरून. टेबलावर बरण्यांचा मनोरा. मी वर गेले. बेबीनं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि माइक पुढे केला.

"मी कवळ्या बनवते," मी म्हटलं. "बोळक्या हिरडीवर कवळी बसते. त्या हिरडीतून एक दिवस रक्त यायला लागलं, तर कुणी म्हणेल का की नवा दात येतोय? पेढे वाटून अभिनंदन कराल का त्या माणसाचं?"

बायका हसल्या. त्यांना विनोद वाटला.

"हसू नका. माझ्या अंगावरून आठवडाभर रक्त जातंय. ती पाळी नाही. जाऊन वर्ष झालेली पाळी परत येत नाही. मला एका वैद्यबाईंनी, खऱ्या वैद्यबाईंनी आधीच सांगितलं होतं, आणि मी ते लेह्याखाली गाडलं. उद्या सकाळी मी दवाखान्यात जातेय. ज्यांना ज्यांना असं झालंय, त्यांनी माझ्याबरोबर चला. फाटकाशी उभी असेन."

बेबीनं माइकवर हात ठेवला. "वहिनीला गर्दीत घाबरायला होतं," ती हसत म्हणाली. पण या वेळी घाम तिला आला होता.

घरी येताना नवरा एकच वाक्य बोलला. "चारचौघांत लाज काढलीस माझ्या बहिणीची."

"माझी काढली तेव्हा तुम्ही फोन धरून उभे होतात," मी म्हटलं.

सोमवारी फाटकाशी माझ्याखेरीज एकच बाई आली. उंच, आखूड केसांची. आणि थोड्या वेळानं नवरा आला, बुटाची नाडी सुटलेली, हातात पाण्याची बाटली. त्यानं माझी पिशवी घेतली. माफी वगैरे काही नाही. मीही मागितली नाही.

दवाखान्यात सोनोग्राफी झाली, मग आतला तुकडा काढला. दुखलं. पण तिथल्या डॉक्टरबाईंनी हात घालण्याआधी मला विचारलं, "तपासू का?" कितीतरी महिन्यांनी माझ्या शरीराबद्दल कुणीतरी मला विचारलं होतं. मला तिथंच रडू आलं, आणि त्यांना वाटलं, दुखतंय म्हणून.

माझा रिपोर्ट आला. गर्भाशयात एक मांसाचा कोंब वाढला होता, पॉलिप म्हणतात तो. साधा. तो काढला की झालं. नवरा खुर्चीत बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडला. मी त्याला रडू दिलं.

पोस्टातल्या बाईंचा रिपोर्ट साधा नव्हता. डॉक्टरबाईंनी त्यांना विचारलं, "इतके दिवस का थांबलात?" मी शेजारीच उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एरवी एवढा मोठा आवाज, पण अगदी हळू म्हणाल्या, "अंगावर काढलं, झालं." माझं नाव घेतलं नाही, बेबीचं घेतलं नाही. त्यांना भरती करून घेतलं.

मी रोज लॅब सुटल्यावर त्यांच्याकडे जायचे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गेले, तर बाहेरच्या बाकावर बेबी बसलेली. मला भेटायला घरी गेली होती, मी इथं आहे कळल्यावर इकडे आली. मांडीवर पिशवी, पिशवीत बरणी. मला बघून ती उठली आणि मिठी मारली. तिचे डोळे खरेच ओले होते.

"वाचलीस गं वहिनी. साधीच गाठ निघाली. मी म्हटलंच ह्यांना, लेह्यानंच राखलं तिला. नाहीतर काय झालं असतं!" आणि डोळे पुसता पुसता, "ग्रुपवर सगळ्याजणी विचारतायत. एक फोटो काढूया? दोघी मिळून?"

वीस वर्षांत मी लोकांच्या तोंडातून निघालेलं काय काय हाताळलंय. पण असं काही हाताळलं नव्हतं. मी तिच्यावर ओरडले नाही. मी तिचा हात धरला आणि तिला आत नेलं, खाटांच्या मधून, अगदी शेवटच्या खाटेपाशी.

"इथं काढ फोटो," मी म्हटलं. "ग्रुपवर जे सांगितलंस, ते यांना सांग."

बेबीनं त्यांना ओळखलं. हॉलमध्ये त्यांचा मोठा आवाज तिनंही ऐकला होता. ती उभीच राहिली. हातातली पिशवी तिनं पाठीमागे नेली.

पोस्टातल्या बाईंचा चेहरा मात्र उजळला. त्यांनी पाय आखडून घेतले, खाटेवर जागा केली आणि चादर हातानं सारखी केली.

"या ना बेबीताई, बसा. तुम्ही कशाला एवढ्या लांब आलात?" मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, नर्स जवळ नाही याची खात्री केली, आणि आवाज जमेल तितका खाली आणून विचारलं, "मी तुमचीच वाट बघत होते. ह्या लोकांना विचारायची सोय नाही. उद्या ऑपरेशन झाल्यावर ते लेह्य मी चालूच ठेवू ना?"

बेबीनं माझ्याकडे पाहिलं. उशाशी बसून मला धीर देणारी तीच बाई होती ती, आणि आता तिला माझ्याकडून शब्द हवे होते.

"बोल बेबी," मी म्हटलं. "त्या तुलाच विचारतायत."